टिकलीची नखं आणि उज्वलाच्या टाचा

शनिवारी सकाळी उज्वला चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थबकली. तिचा नवरा हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून बसला होता. त्याच्या मांडीवर एक पाय होता आणि त्या पायाच्या नखावर तो अगदी हळुवार फुंकर घालत होता. पाय कुत्रीचा होता.

"फू," करून सोमनाथ म्हणाला, "झालं हं. शहाणं माझं ते. आता हे एकच राहिलं."

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात उज्वलाचा हात तव्याला पोळला होता, डोळ्यात कचरा गेला होता, एकदा तर कुकरच्या वाफेने मनगट लालभडक झालं होतं. पण नवऱ्याने फुंकर घातल्याचं तिला काही केल्या आठवेना. मनगट भाजलं तेव्हा तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला होता, "नळाखाली धर."

कुत्रीचं नाव टिकली. अंगाने भुरी, कपाळावर पांढरा ठिपका. तिला घरात आणलं वेदिकाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आणि पुण्याला इंजिनिअरिंगला जाताना ती बापाला बजावून गेली, "पप्पा, हिची नखं महिन्याच्या महिन्याला कापा. आणि नुसती कापू नका, घासून गुळगुळीत करा. नाहीतर ती स्वतःलाच ओरबाडते." हे सांगताना आपण कोणाला सांगतोय याचा पोरीने विचार केला नाही. सोमनाथ सातपूरच्या एका कारखान्यात लोखंडी साच्यांना पॉलिश करायचा. साच्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत घासायचं, एवढंच काम त्याने आयुष्यभर केलं होतं. अशा माणसाला 'गुळगुळीत' हा शब्द सांगितल्यावर तो कानशीवर थोडाच थांबणार? आधी कटर, मग कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, आणि शेवटी जुन्या बनियनच्या चिंधीवर खोबरेल तेलाचा थेंब. टिकलीची नखं उन्हात चमकायची.

"चहा," उज्वला म्हणाली.

"ठेव तिथं. आवाज नको करू."

"कपाचा आवाज होणारच ना!"

"तेच सांगतोय. आवाज झाला की ती पाय ओढते. ही बघ, अशी कड राहिली ना, की मग टोचते."

उज्वलाने बघितलं नाही. ती रविवार कारंजाजवळच्या साडीच्या दुकानात काउंटरला होती. दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या, संध्याकाळी त्याच परत घडी करायच्या. टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की झोपताना चादरीचे धागे त्यात अडकत. कुशीवर वळली की चर्र आवाज व्हायचा.

"माझ्या टाचा कधी बघितल्यात का तुम्ही?" तिने विचारलं.

सोमनाथने वर पाहिलं. टाचांकडे नाही, तोंडाकडे. "काय झालं टाचांना?"

"भेगा पडल्यात."

"मग मेडिकलमधून मलम आण ना," तो म्हणाला आणि पुन्हा नखावर वाकला.

यावर उज्वलाने जे केलं ते तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. ती खाली बसली आणि आपला पाय सरळ टिकलीच्या पायाशेजारी नेऊन ठेवला. "घ्या. हिचं झालं की माझं."

दिवाणावर सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. कुसाबाई देवळ्याहून नाशकात येऊन बरीच वर्षं झाली, पण गावचा एकही नियम त्यांनी तिकडे सोडला नव्हता. त्यांचा अडकित्ता थांबला.

"उज्वला, पाय मागं घे."

"गंमत करतेय, आई."

"पायाची गंमत नसती. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो. पाप लागतं."

"कुणाला?"

"तुलाच. दुसरं कुणाला?"

"आणि कुत्रीच्या पायाला लावला तर?"

कुसाबाईंनी थोडा विचार केला. "ते मुकं जनावर हाय. त्याला काय कळतंय?"

आई आणि बायको बोलत असताना तोंड कसं मिटून ठेवायचं, हे सोमनाथ साच्यांच्याही आधी शिकला होता. त्याने खाकरून पॉलिश पेपरचा नवा तुकडा घेतला. उज्वलाने पाय मागे घेतला. टिकलीने घेतला नाही. तिने अर्धे डोळे मिटून उज्वलाकडे असं काही पाहिलं की उज्वलाच्या मनात त्या क्षणी एकच शब्द आला. सवत.

त्या दिवसापासून उज्वला जळायला लागली. कुत्रीवर जळणं हे हास्यास्पद आहे हे तिलाही कळत होतं, त्यामुळे ती स्वतःवरही चिडायची आणि मग तो रागसुद्धा कुत्रीवरच निघायचा. तिला पॉलिश नको होतं, तेलाचा थेंबही नको होता. नवऱ्याने एकदा, फक्त एकदा, तिचा पाय हातात घेऊन नीट बघावं आणि 'अरेरे' म्हणावं. बास. एवढीशी गोष्ट. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत दर महिन्याला कुत्रीला मिळत होती.

तिने आडून आडून सुचवूनही पाहिलं. सोमनाथ टीव्ही बघत असताना ती त्याच्यासमोरून लंगडत गेली. "चप्पल चावली का?" त्याने विचारलं. ती 'नाही' म्हणेपर्यंत बातम्या सुरू झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या शेजारी बसून टाचेला व्हॅसलीन चोळू लागली. "वास कसला येतोय?" तो म्हणाला. तेवढ्यात टिकली आली, तिने उज्वलाची टाच चाटून व्हॅसलीन फस्त केलं आणि सोमनाथ घाबरून म्हणाला, "अगं, तिच्या पोटात गेलं ना! चालतं का ते?"

मग उज्वलाने डोकं लढवलं. नखं वाढतात म्हणून तो कापायला बसतो. नखं उरलीच नाहीत तर? चांगली आतपर्यंत कापून टाकली की दोन-तीन महिने बघायलाच नको. मांडी नाही, फुंकर नाही, शहाणं माझं ते नाही.

महिना भरत आला होता. सोमवारी तिच्या दुकानाला सुट्टी असायची. सोमनाथ सकाळीच कामावर गेला. कुसाबाई गॅलरीत जुन्या पातळावर नागलीचे पापड वाळत घालत होत्या. उज्वलाने सोमनाथची हत्यारांची पेटी ओढली, तर तिला कुलूप. कुत्रीचा कटर आत आणि किल्ली सातपूरला. घरातलं नेलकटर टिकलीच्या नखापुढे अगदीच खेळण्यासारखं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. दिवाणावर अडकित्ता होता. सुपारीसारख्या दगडाचे दोन तुकडे करणारं हत्यार, त्यापुढे नख म्हणजे काय! विचारलं असतं तर मिळाला नसता, म्हणून तिने विचारलं नाही.

"टिकली, ये गं."

टिकली आली. आली ती आली आणि स्वतः होऊन पाय उज्वलाच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली. इतक्या विश्वासाने, की उज्वलाला क्षणभर कसंसंच झालं. पण मग तिला तो पाय नेहमी कुठे ठेवला जातो हे आठवलं आणि तिने अडकित्ता उघडला.

कट्ट. पहिलं नख झकास तुटलं. कट्ट. दुसरंही. एवढं सोपं काम आणि हा माणूस तासभर काय करत बसतो! तिसऱ्या नखाला उज्वलाला हाव सुटली. जरा आतून घेऊ. टिकलीची नखं काळी, आत जिवंत शीर कुठवर आली आहे ते बाहेरून दिसत नाही. सोमनाथ बॅटरी लावून बघायचा आणि त्याच्या अलीकडे थांबायचा. तो कुठे थांबतो हे उज्वलाला माहीत असायला हवं होतं, कारण ती दर वेळी समोरच असायची. पण ती नखाकडे कधी बघतच नव्हती, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत असायची.

कट्ट.

टिकली अशी केकाटली की खालच्या रस्त्यावरची कुत्रीही भुंकायला लागली. नखाचा तुकडा कुठेतरी उडाला. टिकली उसळली, दिवाणावर गेली, तिथून गॅलरीत आणि गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पापडांवरून धावली.

"माझे पापड!" कुसाबाई ओरडल्या. मग त्यांनी नीट पाहिलं. "अगं बाई, रगात! नागलीच्या पापडाला रगात! काय केलं वं हिला?" आत येऊन त्यांनी सुनेच्या हातात पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उज्वला, हा माझा अडकित्ता हाय."

"आई, आधी रक्त थांबवा, मग बोला."

"कुत्रीच्या पायाला लावला? आता मी सुपारी कशानं कातरू?"

"धुऊन देते! हळद कुठाय?"

हळदीचा डबा आला. उज्वलाने टिकलीला धरलं, कुसाबाईंनी मूठभर हळद नखावर दाबली. टिकलीने पाय झटकला. अर्धी हळद कुसाबाईंच्या चष्म्यावर गेली, उरलेली टिकलीने चाटली आणि पिवळं तोंड घेऊन ती पुन्हा पळाली. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, बेडरूममध्ये. जिथे जाईल तिथे लाल थेंब आणि त्याशेजारी पिवळा ठसा. अडकित्त्याचं दुःख विसरून सासू-सुना डबा घेऊन तिच्यामागे, आणि डबा एकदा उज्वलाच्या हातून निसटून घरंगळत पार उंबऱ्यापर्यंत गेला.

आरडाओरडा ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या श्यामलावहिनी आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी आत पाहिलं. उंबऱ्यावर हळद, फरशीवर लाल-पिवळे ठिपके, आणि कोपरापर्यंत पिवळे हात झालेल्या दोन बायका धापा टाकत बसलेल्या. श्यामलावहिनींचा चेहरा पडला.

"हळदीकुंकू होतं का?" त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं. "समोरासमोर राहतो आपण. निरोप तरी द्यायचा."

"अहो वहिनी, रक्त आहे ते!"

"रक्त?" श्यामलावहिनींच्या चेहऱ्यावर स्पष्ट समाधान पसरलं. "असं होय! मला वाटलं, सगळ्यांना बोलावलं आणि मलाच तेवढं वगळलं."

आपण वगळलो गेलो नाही म्हटल्यावर मात्र त्या मनापासून मदतीला लागल्या. त्यांच्या भावाकडे कुत्रा होता. त्यांनी घरून वाटीत कॉर्नफ्लॉवर आणलं, टिकलीला कोपऱ्यात गाठलं आणि तिचं नख वाटीत दाबून धरलं. रक्त थांबलं. वहिनी गेल्यावर उज्वलाने त्या पायावर सोमनाथचा मोजा चढवून वरून रिबीन बांधली. टिकली तो मोजा ओढत दिवाणाखाली गेली आणि तिथेच बसली. तिने कुणाकडे पाहिलं नाही.

राहिलं होतं ते घर पुसणं. उज्वला अनवाणी पोछा मारत निघाली. हॉल झाला, दिवाणाशी आली, आणि तिने मागे टाकलेली टाच नेमकी त्या उडालेल्या नखावर पडली. घासून गुळगुळीत न केलेलं, ताज्या कापलेल्या धारेचं नख. ते सगळ्यात खोल भेगेत घुसलं.

"आई गं!" उज्वला मटकन खाली बसली.

कुसाबाईंनी चष्मा पुसून पाहिलं, काही दिसेना. चिमटा कुलूपबंद पेटीत, म्हणून सुई घेतली, तर उज्वलाने ती दिसताच पाय पोटाशी घेतला. शेवटी कुसाबाई पुन्हा दिवाणावर जाऊन बसल्या. "मुक्या जनावराला छळलं," त्या म्हणाल्या, "देवानं उधारी ठेवली नाय. लगेच दिलं."

सोमनाथ कामावरून आला तेव्हा दारावर नेहमीसारखी टिकलीची उडी नव्हती. दार उज्वलाने उघडलं आणि ती लंगडत बाजूला झाली. दिवाणाखालून टिकली आली, तीही लंगडत, पायात मोजा घालून. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. सोमनाथने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. आणि मग तो खाली बसला. टिकलीजवळ.

उज्वलाच्या काळजात कळ आली. टाचेपेक्षा ती जास्त दुखली.

सोमनाथने मोजा काढला. नख पाहिलं. "कुणी केलं हे?"

"मी पापड वाळत घालत होते," कुसाबाई ताबडतोब म्हणाल्या.

"मी केलं," उज्वला म्हणाली.

"कशानं?"

"अडकित्त्यानं."

सोमनाथने डोळे मिटून घेतले. पॉलिश झालेल्या साच्यावर कोणी हातोडा मारला असता तरी त्याला एवढं लागलं नसतं. "अडकित्त्यानं? अगं, पण का? या शनिवारी मी करणारच होतो ना!"

"म्हणूनच केलं!" उज्वलाचा बांध फुटला. "तुम्ही करणार म्हणूनच केलं! तिचा पाय मांडीवर घेता, बॅटरी लावून बघता, फुंकर घालता. मी दिवसभर दुकानात उभी असते. माझ्या पायाकडे कधी बघितलंत? जळते मी तिच्यावर. हो, कुत्रीवर जळते! हसा आता."

कोणी हसलं नाही. टिकलीनेसुद्धा कान पाडले.

"लंगडतेस का तू?" सोमनाथने हळूच विचारलं.

"तिचं नख घुसलंय टाचेत."

आता मात्र सोमनाथच्या ओठाचं टोक हललं. त्याने ते दाताखाली धरलं, उठला, हत्यारांची पेटी आणली आणि कुलूप काढलं. भिंग, बॅटरी, चिमटा बाहेर आला. "टाक पाय."

"आई बघतायत."

"बघू दे," सोमनाथ म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला आणि बोलल्यावर स्वतःच जरा घाबरला. पण दिवाणावरून काहीच आवाज आला नाही.

त्याने पाय मांडीवर घेतला. त्याबरोबर उज्वला वाकली आणि त्याच्या गुडघ्याला हात लावून तिने नमस्कार केला. त्याने टाच वळवली. तिने पुन्हा नमस्कार केला. भिंग जवळ नेलं, पुन्हा नमस्कार.

"हलू नको!"

"पाप लागतं."

"मग शेवटी एकदम कर. मध्ये हललीस तर चिमटा घुसेल."

उज्वलाने हात घट्ट जोडून धरले. नख निघालं. सोमनाथने ते भिंगाखाली धरलं. "कड बघ कशी धारदार राहिलीय. म्हणून घासायचं असतं." उज्वलाने सुस्कारा सोडला. या माणसाला आत्तासुद्धा नखच दिसत होतं. पण मग भिंग तिच्या टाचेवर आलं. आलं ते तिथेच थांबलं. बराच वेळ हललं नाही.

"अरेरे," सोमनाथ म्हणाला.

उज्वलाने पटकन छताच्या पंख्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं की ती नेहमी पंख्याकडे बघायची.

"कधीपासून आहे हे?"

"वेदिका शाळेत होती तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"मेडिकलमधून मलम आण."

सोमनाथ उठला. त्याने तांब्यातून कोमट पाणी आणलं, टाच भिजवली, पुसली आणि कानस घेतली. मग जाड पेपर. मग बारीक. मध्येच बोट फिरवून बघायचा, मान हलवायचा, परत घासायचा. टिकली तीन पायांवर लंगडत आली आणि आपला पाय तिने त्याच्या दुसऱ्या मांडीवर ठेवला. सोमनाथने तो हलकेच खाली केला. "थांब गं जरा. तिचं चाललंय."

उज्वलाला वाटलं, सगळा जन्म या एका वाक्यासाठी घेतला असावा. थांब गं जरा, तिचं चाललंय. त्याने टाचेवर तेलाचा थेंब लावला आणि वाकून फुंकर घातली. फू. तिच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात दिवाण करकरला. कुसाबाई उतरल्या. आता काय ऐकायला लागणार, म्हणून नवरा-बायको दोघांनी माना खाली घातल्या. कुसाबाईंनी प्लास्टिकचं स्टूल ओढलं, सोमनाथसमोर आणून ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"सोमा, तिचा पाय ठेव खाली."

"आई, थोडंच राहिलंय. दुसरी टाच..."

"ठेव म्हणते ना." उज्वलाने स्वतःच पाय काढून घेतला. कुसाबाईंनी लुगडं जरासं वर केलं आणि आपला पाय लेकाच्या मांडीवर ठेवला. "माझा घे."

सोमनाथ आईच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तोंड काय बघतो? अंगठा बघ. नख मुरडून आत चाललंय, लय ठणकतंय. चप्पल घालवत नाय मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कुत्रीचं चाललं व्हतं, म्हटलं मुकं जनावर हाय, आसू दे. आता बायकोचं बी पाहिलं. मग मीच काय घोडं मारलं?" कुसाबाईंचा आवाज किंचित कापला, पण त्यांनी तो लगेच सावरला. "आन् माझ्या पायाला हात लावायला कशाचं भ्या? आईचा पाय हाय. पुण्यच लागंल तुला."

सोमनाथने अंगठ्यावर भिंग धरलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग डोळ्यांत चमक आली. एवढं मोठं काम त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. "हे आज होणार नाही, आई. आधी गरम पाण्यात भिजवायला लागेल. मग थोडं थोडं करून घेऊ. रोज बसावं लागेल."

"बस की मग रोज," कुसाबाई म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"

उज्वलाने आपल्या टाचांवरून बोट फिरवलं. एक रेशमासारखी झाली होती. दुसरीला अजून बोट अडकत होतं. ती सरकत सरकत भिंतीला टेकून बसली. सोमनाथ आईचा अंगठा कोमट पाण्यात भिजवत होता. थोड्या वेळाने टिकली येऊन तिच्याशेजारी बसली आणि तिने दुखरा पाय उज्वलाच्या मांडीवर ठेवला. उज्वलाने तो बाजूला केला नाही.

"फू," सोमनाथ म्हणाला. "आजच्यापुरतं झालं हं, आई. एवढंच दुखेल."

कुसाबाईंनी अर्धे डोळे मिटले. उज्वलाने पाहिलं, टिकलीने पाहिलं. मग उज्वला टिकलीच्या कानाशी वाकून पुटपुटली, "रोज म्हणे. ऐकलंस?"